शिल्लक : झीरो

बँकेत बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सहसा कशाचाच राग येत नाही. 'आमच्या पैशांवर तुमचे पगार होतात' असं रांगेतून सुनावणारे गृहस्थ, पासबुक उलटं घालून छपाईच्या यंत्रालाच दम देणाऱ्या काकू, शटर खाली येत असताना त्याच्या फटीतून चेक आत सरकवणारे व्यापारी, या सगळ्यांकडे मी एकाच निर्विकार चेहऱ्यानं पाहू शकतो. पण मागच्या महिन्यात जेवता जेवता आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, बॅलन्ससाठी त्यांनी झीरो कमकुवत केलं," आणि माझं डोकं फिरलं.

लगेच नाही फिरलं. आधी वाक्याचा अर्थ लावण्यात दोन घास गेले. झीरो बॅलन्सची खाती आमच्या शाखेत शेकड्यांनी आहेत, आणि ती मुळातच इतकी कमकुवत असतात की त्यांना आणखी कमकुवत करण्याचं काम खुद्द सरकारलाही जमू नये. मग उलगडा झाला की हे झीरो म्हणजे जपानी लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धातलं. ज्या वर्षी ते आरमारात दाखल झालं ते १९४० साल जपानी गणनेप्रमाणे २६०० होतं, म्हणून शेवटचं शून्य घेऊन त्याचं बारसं झालं. आणि कमकुवत केलं कोणी? अमेरिकेनं नव्हे. चिरंजीव रोज रात्री संगणकावर जो विमानांच्या लढाईचा खेळ खेळतात, त्या खेळाच्या कंपनीनं.

खेळाचं नाव मी सांगत नाही. एकतर मी नोकरदार माणूस, कोर्टाची पायरी आम्ही फक्त कर्जवसुलीच्या तारखांना चढतो. दुसरं म्हणजे मीही तो खेळतो. चिरंजीव झोपल्यावर, त्यांच्याच खात्यावर. रात्री अकरा वाजता अस्मादिक बनियनवर बसून इंग्लिश खाडी ओलांडत असतात. पहिल्या आठ दिवसांत मी इतकी विमानं समुद्रात बुडवली की खरी असती तर जर्मनीला माझ्याविरुद्ध वेगळी आघाडी उघडायची गरजच पडली नसती. मी त्यांच्याच बाजूनं होतो!

तर हा 'बॅलन्स' म्हणजे काय प्रकार आहे तो आधी सांगतो. या खेळात प्रत्येक विमानाला एक आकडा दिलेला असतो. जवळपासच्या आकड्यांची विमानं एकमेकांसमोर येतात. आता तुम्ही-आम्ही साधी माणसं समजू की हा आकडा विमानाच्या सालावरून ठरत असेल किंवा वेगावरून. छे! तो ठरतो ते विमान चालवणारे लोक किती जिंकतात यावरून. एखादं विमान हुशार मंडळींच्या आवडीचं असलं की ते भराभरा जिंकतात, आकडा वर चढतो आणि त्याला आणखी दांडग्या विमानांसमोर उभं करतात. तेच विमान माझ्यासारख्यांच्या हाती पडलं की आकडा घसरतो. विमान तेच, पंख तेवढेच, इंजिन तेच. म्हणजे आमच्या बँकेनं मुदत ठेवीचा व्याजदर मुदतीवर न ठरवता ठेवीदार किती चलाख आहे यावर ठरवावा, तसं झालं. यामुळे १९४४ चं जर्मन जेट आणि कोरियाच्या युद्धातली विमानं एकाच ढगात भेटतात, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

एवढ्यानंही हिशेब जुळला नाही की मग विमानालाच हात घालतात. वळण जरा रुंद कर, चढण जरा मंद कर, गोळी जरा बोथट कर. चिरंजीवांनी वाढदिवसाला आजोबांनी दिलेल्या पैशांतून एक खास विमान विकत घेतलं होतं. खरे पैसे, खोटं विमान. दोन महिन्यांनी एका रात्री ते 'सुधारलं'. सकाळी उठून पाहतात तो विमानाचं लेझीम पथकातलं ढोल झालेलं. ठेव घेतल्यावर अटी बदलायच्या, हा प्रकार आम्ही केला असता तर रिझर्व्ह बँकेनं आमचं शटर बाहेरून लावलं असतं.

आमच्या कर्ज विभागात एक तरुण सहकारी आहे. तोही हा खेळ खेळतो, आणि तो बॅलन्सवाल्यांच्या पक्षाचा. चहाच्या टेबलावर त्यानं मला समजावलं, "सर, हा गेम आहे. दिवसभर कर्जाच्या फायली उपसून माणूस रात्री तासभर बसणार, आणि रोज मार खाऊनच झोपणार? सगळ्यांना सारखी संधी नको?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. रोज मार खाऊन झोपणं काय असतं हे संसारी माणसाला सांगायला नको. आणि कंपनीलाही पोट आहे. हरणारा माणूस खेळ सोडतो. सारखी संधी द्यावी, जरूर द्यावी. माझं भांडण ती कुठल्या खात्यातून देता याच्याशी आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत काही लेजरं अजून हातानं लिहिली जात. संध्याकाळी ताळा घ्यायचा. फरक नऊनं भागला गेला की समजायचं, कोणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, ४५ चे ५४ झालेत. ते शोधत रात्रीचे आठ वाजायचे. एकदा मी नवखा, उत्साही. सात रुपयांचा फरक होता, आणि माझी सिनेमाची तिकिटं काढलेली होती. मी हळूच एका नोंदीतल्या एकाचा आठ केला. बी. कॉम. झालेल्या माणसाला ही कला शिकवावी लागत नाही. आमचे जुने अकाउंटंट मागे उभे होते. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "ताळा जुळावा म्हणून नोंद बदलायची नसते. नोंद खरी आहे. ताळा घेणारा चुकलाय." सिनेमा बुडाला. फरक साडेआठला सापडला. माझ्याच बेरजेत होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की विमान ही नोंद आहे. झीरो जसं होतं तसं होतं, कारण ते तसं बांधायचं कोणीतरी ठरवलं होतं. जपान्यांना दूर पल्ल्याचं, चपळ विमान हवं होतं आणि इंजिन मात्र बेताचं. मग त्यांनी वजन काढायला सुरुवात केली. वैमानिकाच्या पाठीमागचा चिलखती पत्रा काढला, गोळी लागली तर आपोआप बुजणाऱ्या टाक्या काढल्या. उरलं ते पतंगासारखं वळणारं आणि काडेपेटीसारखं पेटणारं विमान. त्याच्यासमोर अमेरिकन आरमाराचं वाइल्डकॅट. बुटकं, जाड, पोट सुटलेलं, चिलखतासकट. वळणावर झीरोशी गाठ पडली की वाइल्डकॅटची अवस्था लोकलच्या दारातून वाट काढणाऱ्या माझ्यासारखी.

आता आमच्या खेळाची कंपनी १९४१ साली असती तर तिनं काय केलं असतं? वाइल्डकॅटचं वळण थोडं सुधारलं असतं, झीरोचं थोडं बिघडवलं असतं, आणि दोन्ही पक्षांना शुभेच्छा दिल्या असत्या. पण तिथं होते जॉन थॅच नावाचे आरमारातले एक वैमानिक. झीरोबद्दलच्या बातम्या त्यांच्या कानावर आल्या. आपलं विमान वळणात त्याच्यापुढं टिकणार नाही हे त्यांनी मान्य केलं. ही पहिली पायरी फार अवघड असते. आमच्याकडे थकीत कर्जदार ती कधीच चढत नाही. मग रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या मांडल्या. एक काडी म्हणजे एक विमान. काड्या सरकवत सरकवत युक्ती सापडली. दोन विमानांनी एकमेकांपासून अंतर राखून शेजारी उडायचं. एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेनं वळायचं. पाठलाग करणारा आपल्या सावजामागे वळतो आणि नेमका दुसऱ्याच्या बंदुकांसमोर येतो. पुन्हा दूर, पुन्हा जवळ. वेणी घातल्यासारखं. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत स्वतः थॅच यांनी ती वेणी घालून दाखवली.

त्याच उन्हाळ्यात अलास्काच्या बाजूला अकुतान बेटावर एक झीरो दलदलीत उलटं पडलं. वैमानिक गेला, विमान बरंचसं शाबूत. अमेरिकनांनी ते उचलून नेलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरात उडवून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की वेग वाढला की याच्या पंखांवरच्या झडपा जड होतात आणि ते डावीकडं जितकं सहज कलतं तितकं उजवीकडं कलत नाही. झालं! खिंडीत कसं गाठायचं ते कळलं.

हा खरा बॅलन्स. तो माणसांनी घातला, विमानाला कोणी कानस लावली नाही. तुम्ही वाइल्डकॅटला वळायला शिकवलंत की थॅच यांच्या काड्या फुकट गेल्या. मग त्या टेबलावर नुसता चहा प्यायचा.

इंग्रजांचीही तीच कथा. १९४० साली स्पिटफायरनं नाक खाली घालून एकदम सूर मारला की त्याचं इंजिन ठसकायचं, कारण कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात पेट्रोल दाबानं सोडायची सोय होती, ते खुशाल सूर मारून निसटायचं. इंग्रज वैमानिक आधी विमान पालथं करत आणि मग खाली जात. १९४१ मध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत एक भोकाची चकती बसवली, आणि ठसका पुष्कळ आटोक्यात आला. आडनाव शिलिंग आणि इलाजही जवळजवळ शिलिंगभराचा, हे पाहून माझ्यातल्या कॅशियरला भरून आलं. आमच्या खेळात मात्र हा ठसका एका आवृत्तीत असतो, पुढच्या आवृत्तीत नसतो, 'खेळाडूंच्या तक्रारीवरून'. बाईंना बिचारीला काम काय उरलं?

मुळात विमानं विषम का वाटतात, तर त्यांचं काम काढून घेतलेलं असतं म्हणून. थंडरबोल्टचंच घ्या. भरलेलं असताना सहा-सात टनांचं हे अमेरिकन धूड बांधलं कशासाठी? विरळ हवेत, खूप उंचावर, बाँबफेकी विमानांच्या सोबतीनं लढायला. पोटात एवढी थोरली हवा दाबायची यंत्रणा घेऊन ते हिंडतं ते त्याचसाठी. खेळात काय होतं? सगळी मंडळी नारळाच्या झाडाच्या उंचीवर घोळका करून गरगर फिरत असतात. त्या घोळक्यात थंडरबोल्ट उतरलं की जिलेबीच्या कढईत वरवंटा पडावा तसं दिसतं. मग ओरड, हे विमान निकामी आहे, याला सुधारा! मस्टँगचा मोठा गुण असा की १९४४ साली ते जादा टाक्या लावून इंग्लंडहून बर्लिनपर्यंत सोबत करून परत यायचं. खेळातली लढाई संपते पंधरा-वीस मिनिटांत. म्हणजे त्याच्या मुख्य गुणाला किंमत शून्य. उलट १९४० साली लंडनच्या आकाशात पोहोचलेल्या मेसरश्मिटकडे लढायला जेमतेम दहा मिनिटांचं पेट्रोल उरायचं, आणि त्यात बाँबरही सांभाळायचे. कित्येकांना परतताना खाडीतच उतरावं लागलं. ही दहा मिनिटं खेळात ठेवा, बाँबरची जबाबदारी ठेवा, आणि मग बघा स्पिटफायरशी बरोबरी आपोआप होते की नाही. पण तसं केलं तर पेट्रोलच्या काट्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि ते आम्ही स्कूटरवरही देत नाही.

म्हणून त्या तरुण सहकाऱ्याला मी म्हटलं, "संधी सारखी हवी ना? एका बाजूला चार विमानं कमी द्या. दुसऱ्या बाजूला हजार मीटर उंची जादा द्या. कोणाला पूल वाचवायला सांगा, कोणाला पाडायला. गुण देताना कमजोर विमानवाल्याला दुप्पट द्या. वाटेल ते करा, पण विमानाची वही कोरू नका." तो म्हणाला, "सर, एवढं कोण वाचणार?" कर्ज विभागातल्या माणसानं हे म्हणावं याचं मला थोडं भय वाटलं.

दुसऱ्या पक्षाबद्दलही दोन शब्द बोललंच पाहिजे, नाहीतर ते मला आपल्यात ओढतील. हे वास्तववादी. यांच्याकडे लिव्हर, पेडल, डोळ्यांना बांधायचा चष्मा, सगळं असतं. बायकोला सांगितलेली किंमत मात्र वेगळी असते. यांची वास्तवाची भक्ती फार कडक, पण ती फक्त आपल्या लाडक्या विमानापुरती. आपल्या विमानाचा वेग कागदापेक्षा ताशी पाच किलोमीटर कमी भरला की हे चाचणीचे अहवाल घेऊन धावतात. दहा जास्त भरला की यांची वाचा बसते. २०२१ साली तर एका खेळाडूनं आपल्या लाडक्या ब्रिटिश रणगाड्यावर अन्याय होतोय हे सिद्ध करायला लष्कराच्या पुस्तिकेतली पानंच जाहीर करून टाकली. देशाची गुपितं गेली तरी चालतील, रणगाड्याची अब्रू राहिली पाहिजे!

शिवाय ते चाचणीचे अहवाल म्हणजेही काय? कारखान्यातून नुकतं निघालेलं, पुसूनपासून ठेवलेलं विमान उडवून काढलेले आकडे. युद्धाच्या शेवटी शेवटी जर्मन जेटचं इंजिन काही तासांच्या उड्डाणातच बदलावं लागे. ते विमान खेळात रोज नवं कोरं मिळतं, नवरदेवासारखं. आणि खरंखुरं वास्तव हवंच असेल तर मग थंडीनं बोटं आखडेपर्यंत दोन तास बसायचं, कोणीच दिसलं नाही म्हणून परत यायचं, आणि एकदा मेलं की संगणक कायमचा विकून टाकायचा. आहे तयारी? नाही ना? मग आवाज जरा खालच्या पट्टीत.

माझं हे डोकं फिरणं कदाचित जेवणानंतरच्या सुपारीबरोबर गिळलंही असतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. उभी हयात मिग-२१ च्या पोटात हात घालण्यात गेली. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्याच काउंटरवर येतात आणि "बघा बुवा, अजून आहे," म्हणून हसतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा काकांनी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीवर तो समारंभ पाहिला. एकटेच. काकूंना त्यांनी बाहेरच्या खोलीत येऊ दिलं नाही.

त्या आठवड्यात चिरंजीवांनी त्यांना बोलावलं. "काका, तुमचं मिग दाखवतो." काका खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला. पडद्यावर मिग धावपट्टीवरून उठलं, तसा त्यांचा उजवा हात आपोआप मुठीत वळला. एका पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे झाकण बरोबर केलंय. याच्या स्क्रूंनी आमचा जीव खाल्ला." मग विचारलं, "पेट्रोल किती घेतलंस? हे फार वेळ नाही राहत वर." चिरंजीवांनी दोन विमानं पाडली, एक मुद्दाम काकांच्या नावानं. काका खूष. मग म्हणाले, "आता सांभाळून उतरव रे. ताशी तीनशेच्या आसपास टेकतं ते. तिथंच पोरं गेली आमची."

चिरंजीव म्हणाले, "उतरवायचं नसतं काका. मॅच संपली."

पडद्यावर गुणांचा तक्ता आला होता. काका थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. मग उठता उठता म्हणाले, "अस्सं. आमचं काम उतरल्यावरच सुरू व्हायचं."

ते गेल्यावर चिरंजीवांनी मला विचारलं, "बाबा, काका रागावले का?" मी म्हटलं, नाही. पण त्या रात्री मी त्यांच्या खात्यावर चोरून खेळलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं की उतरवायला लागतं अशी एक अवघड पद्धत त्याच खेळात आहे, आणि आपण दोघं ती खेळू. माझ्या रात्रीच्या उद्योगांचा त्यांना पहिल्या दिवसापासून पत्ता होता म्हणे. खात्यावर माझ्या बुडालेल्या विमानांची नोंद होती. नोंद खरी असते.

तर कालची गोष्ट. दोन वाइल्डकॅट. एक चिरंजीव त्यांच्या संगणकावरून, एक मी ऑफिसच्या मित्राकडून मागून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवरून. झीरो समोर. कमकुवत केलेलं का असेना, आम्हा दोघांना पुरून उरेल इतकं होतं. आधी जेवणाच्या टेबलावर काड्या मांडून मी चिरंजीवांना वेणी समजावली. त्यांना दोन मिनिटांत समजली. समजावता समजावता मला पंधरा मिनिटांनी समजली. मग आकाशात गेलो. झीरो माझ्या शेपटीला लागलं.

"बाबा, वळा!"

"कुणीकडं?"

"माझ्याकडं! माझ्याकडं वळा!"

मी वळलो. चिरंजीवही वळले. इतक्या आज्ञाधारकपणे आम्ही बापलेक आयुष्यात कधी एकमेकांकडे वळलो नव्हतो. समोरून त्यांचं विमान मोठं होत होत पडदाभर झालं, आणि धाडकन आवाज आला. दोघेही खलास. झीरोवाला एक गोळीही खर्च न करता आमच्या धुरातून निघून गेला.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "काडेपेटी कोणी नेली? गॅसचा लायटर बिघडलाय, दूध तापवायचं राहिलंय."

मी टेबलावरच्या काड्या गोळा करून पेटीत भरल्या. मांडताना मोजल्या होत्या, म्हणून भरतानाही मोजल्या. एक कमी भरली. चिरंजीव आणि मी टेबलाखाली शिरलो.